वाफ विहिरीत जाते, प्रेशरही भरपूर, तरी तेल पातळ का होत नाही?

जमिनीखालचं घट्ट तेल पातळ करायला तेलविहिरीत वाफ सोडतात, तिथली अडचण अशी असते. स्टीम जनरेटर बिनतक्रार चालू आहे. वेलहेडच्या (विहिरीच्या तोंडाच्या) गेजवर ७० बार, तापमान २८५ अंश सेल्सियसच्या आसपास, आणि लॉगबुकात वाफेचा ड्रायनेस (मिश्रणात वजनानं खरी वाफ किती) ८० टक्के. ठरलेले टन आत गेले, विहीर काही दिवस मुरायला बंद ठेवली, मग उघडली. वर आलं ते आधी नुसतं गरम पाणी, त्यामागून थोडं तेल, आणि अपेक्षेच्या निम्म्या काळातच तेल पुन्हा घट्ट होऊन पंपाचे रॉड जड चालायला लागले. पुढच्या सायकलला (वाफ, मुरवण, उपसा या फेरीला) साहेब वाफ वाढवून देतात. निकाल तोच. मग विहीरच वाईट असा शिक्का बसतो.

बहुतेक वेळा विहीर वाईट नसते. वाफ म्हणून जे आत चाललंय त्यात वाफ कमी आणि पाणी जास्त असतं, आणि साइटवरचं एकही गेज ते दाखवत नाही. ड्रायनेसचा जो आकडा लॉगबुकात आहे, तो कसा काढला हे आधी तपासायचं. वर्कओव्हर रिग (विहीर दुरुस्तीचं यंत्र) बोलावणं, पॅकर (विहिरीतल्या पाइपांमधली पोकळी बंद करणारं सील) बदलणं, जिऑलॉजिस्टला फोन करणं, हे सगळं त्यानंतर.

नाशिकच्या पायाखाली तेल नाही, काळा कातळ आहे. पण अंबड-सातपूरच्या कारखान्यांत, निफाड-दिंडोरीकडच्या साखर कारखान्यांत आणि एकलहऱ्याच्या वीज केंद्रात बॉयलरवर हात बसलेली आपली माणसं कंत्राटी कामावर गुजरात, राजस्थान, काही थेट ओमानला जातात आणि तिथून फोन येतात. प्रश्न दर वेळी साधारण हाच असतो, म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवतोय. (उत्तर गुजरातच्या तेलक्षेत्रांचा तळही आपल्याच दख्खनच्या कातळाचा आहे. तेल धरून ठेवणारे वाळूचे थर त्याच्यावर नंतर साचले. म्हणजे कातळ तोच, फक्त तिथं तो फार खोल आहे.)

कोणत्या पद्धतीबद्दल बोलतोय तेही स्पष्ट करतो. मेहसाण्याच्या पट्ट्यात बलोल आणि संथाल इथं ओएनजीसीनं हवा आत सोडून थोडं तेल खालीच जाळण्याचं आणि त्या उष्णतेवर उरलेलं तेल पातळ करण्याचं तंत्र वापरलंय. त्याच्या अडचणी निराळ्या, त्या इथं नाहीत. इथला विषय वाफेची चक्री पद्धत, जैसलमेर जिल्ह्यातल्या बाघेवालात ऑइल इंडिया वापरते ती. एकाच विहिरीत आधी वाफ द्यायची, मग मुरवायची, आणि मग त्याच विहिरीतून तेल उपसायचं. ही पद्धत सापडली अपघातानं. १९५९ मध्ये व्हेनेझुएलातल्या मेने ग्रांदे इथं शेल कंपनीचा प्रयोग चालू असताना आत सोडलेली वाफ जमीन फोडून वर आली. खालचा दाब उतरवायला वाफेच्या विहिरी उलट्या उघडल्या, तर त्यांतून तेल वाहायला लागलं.

तत्त्व सोपं आहे. हिवाळ्यात बरणीत घट्ट बसलेली काकवी चुलीजवळ ठेवली की धारेनं पडते, तसं हे तेल. साठ्याच्या तापमानाला काही हजार सेंटीपॉइज (घट्टपणाचं माप) असलेलं तेल २०० अंशांच्या आसपास अगदी थोड्या सेंटीपॉइजवर येतं. त्यासाठी खडकाला उष्णता मिळायला हवी. नुसता दाब दिल्यानं तेल पातळ होत नाही.

ड्रमवाल्या बॉयलरची सवय आधी बाजूला ठेवा

आपल्याकडचा बॉयलरचा माणूस ड्रमवर शिकलेला असतो. ड्रममध्ये पाणी आणि वाफ वेगळी होतात, गेज ग्लासमध्ये पातळी दिसते, तळाचं खारट पाणी ब्लोडाऊननं बाहेर काढता येतं आणि वरून जाते ती कोरडी वाफ. एकलहऱ्याच्या २१० मेगावॉटच्या संचांत तर तीच वाफ पुढं सुपरहीटरमधून ५३५-५४० अंशांपर्यंत तापवून टर्बाइनला देतात, आणि त्यासाठी लागणारं पाणी क्षार पूर्ण काढलेलं असतं. तिथं पाण्याचा थेंब वाफेबरोबर जाणं म्हणजे गुन्हा.

तेलक्षेत्रावरच्या जनरेटरला ड्रमच नसतो. पाणी एका टोकाला पंपानं आत ढकलायचं, आधी धुराड्याकडच्या कन्व्हेक्शनच्या ट्यूबमधून आणि मग भट्टीतल्या रेडियंट कॉइलमधून एकाच दमात न्यायचं, आणि दुसऱ्या टोकाला वाफ-पाण्याचं मिश्रण बाहेर. ड्रायनेस मुद्दामच ७५ ते ८० टक्क्यांवर ठेवतात. म्हणजे वजनानं १०० किलो मिश्रणात ८० किलो वाफ आणि २० किलो पाणी. ते २० किलो पाणी हेच इथलं ब्लोडाऊन. पाण्यातले सगळे विरघळलेले क्षार त्यातच गोळा होतात आणि ते विहिरीत जातं. त्यामुळेच या जनरेटरला फक्त सॉफ्ट केलेलं (हार्डनेस काढलेलं), पण क्षार भरपूर असलेलं, अगदी तेलाबरोबर वर आलेलं पाणीसुद्धा चालतं. ड्रमवाल्या बॉयलरला असलं पाणी दिलं तर तो आठवडाभरही तग धरणार नाही.

नवीन माणूस पहिल्या दिवशी हमखास विचारतो, "ब्लोडाऊनचा व्हॉल्व्ह कुठंय?" प्रश्न अगदी बरोबर आहे. त्याचं उत्तर समजलं की पुढचं निम्मं काम झालं.

गेज काय सांगत नाही

७० बारला पाणी साधारण २८६ अंशांना उकळतं. त्या तापमानाच्या एक किलो पाण्यात सुमारे १,२६७ किलोज्यूल उष्णता असते, आणि त्या पाण्याची पूर्ण वाफ व्हायला आणखी १,५०५ किलोज्यूल लागतात. आता हिशेब करा. ड्रायनेस ८० टक्के असेल तर किलोमागे २,४७१ किलोज्यूल. ५० टक्के असेल तर २,०२०. २० टक्क्यांवर आला तर १,५६८. तिन्ही वेळा गेज ७० बारच दाखवणार आणि थर्मामीटर २८६ अंशच. पाणी आणि वाफ एकत्र आहेत तोवर दाब आणि तापमान एकमेकांना बांधलेले असतात. ड्रायनेसशी त्यांचा काही संबंध नसतो.

नुकसान नुसत्या उष्णतेचं नाही, जागेचंही आहे. या दाबाला एक किलो कोरडी वाफ २७ लिटर जागा घेते आणि एक किलो पाणी सव्वा ते दीड लिटर. वाफ खडकात पसरते, दूरवर जाऊन थंड तेलापाशी निवते आणि आपली उष्णता तिथं सोडते. पाणी विहिरीच्या आसपासच घुटमळतं. म्हणूनच ओली वाफ दिलेली विहीर उघडल्यावर आधी ढीगभर गरम पाणी परत करते.

सँपलची बाटली, आणि ८० टक्के येतात कुठून

ड्रायनेस काढायची साइटवरची चालू पद्धत क्लोराइडची आहे. फीडच्या, म्हणजे जनरेटरला दिलेल्या, पाण्यातलं मीठ वाफेत जात नाही, उरलेल्या पाण्यातच राहतं. म्हणून फीडचं क्लोराइड आणि जनरेटरच्या आउटलेटवरच्या छोट्या सेपरेटरमधल्या (तिथं वाफ आणि पाणी वेगळं होतं) पाण्याचं क्लोराइड मोजायचं. फीडमध्ये ६०० आणि सेपरेटरमध्ये २,४०० पीपीएम आलं, तर पाणी चौपट आटलं. म्हणजे पाव हिस्सा पाणी उरलं आणि ड्रायनेस ७५ टक्के. सूत्र एवढंच, की फीडच्या क्लोराइडला सेपरेटरच्या क्लोराइडनं भागायचं आणि उत्तर एकातून वजा करायचं.

या सोप्या चाचणीत दोन खड्डे आहेत. माझ्या मते वर सांगितलेल्या तक्रारींपैकी बऱ्याच या दोहोंपैकी एकात पडलेल्या असतात.

पहिला खड्डा सँपल कूलरचा. सेपरेटरमधलं पाणी ७० बारला २८६ अंशांचं असतं. ते थंड न करता थेट बाटलीत सोडलं की दाब एकदम उतरतो आणि जवळजवळ ३८ टक्के पाण्याची तिथल्या तिथं वाफ होऊन हवेत जाते. क्षार मात्र बाटलीत राहतात. त्यामुळे क्लोराइड खऱ्यापेक्षा १.६ पट दिसतं. समजा खरा ड्रायनेस ७० आहे आणि फीडला ६०० पीपीएम. सेपरेटरला खरं तर २,००० यायला हवेत, पण बाटलीत मोजले जातात ३,२००. सूत्रात घाला, उत्तर येतं ८१ टक्के. लॉगबुकात सुंदर आकडा. खाली विहिरीला मात्र ७० चाच माल मिळतोय, आणि विहिरीपर्यंत पोहोचताना तो आणखी घसरणार आहे.

यावर उपाय म्हणजे आधी थंड करायचं आणि मग दाब उतरवायचा. दाब उतरवणारा व्हॉल्व्ह कूलरच्या नंतर असला पाहिजे. तो आधी बसवलेला दिसला तर पाइपिंग उलटं आहे, ते आधी बदलून घ्या. कूलरला येणारं पाणी किती गरम आहे आणि त्याची कॉइल गाळानं तुंबलीय का, तेही बघा. वाळवंटात उन्हाळ्यात टाकीतलं पाणीच इतकं तापलेलं असतं की ते कूलरला पुरत नाही. पाळी संपायच्या घाईत व्हॉल्व्ह सताड उघडून बाटली भरणं हा तर नेहमीचाच प्रकार. चांगला कूलरही तेवढ्या वेगाला थंड करू शकत नाही. बाटली हातात सहज धरता यायला हवी. तिच्या तोंडातून वाफ निघताना दिसली तर ते सँपल ओतून द्या. आणि हे काम करताना फेसशील्ड आणि लांब हातमोजे हवेतच. या दाबाच्या पाण्याची बारीक चिळकांडीसुद्धा कातडी सोलते.

दुसरा खड्डा टायट्रेशनचा. सिल्व्हर नायट्रेट आणि पोटॅशियम क्रोमेट ही पद्धत बहुतेकांनी पाहिलेली आहे. पिवळ्याचा विटकरी रंग झाला की थांबायचं. पण ही पद्धत पाण्याचा पीएच साधारण ७ ते १० मध्ये असेल तेव्हाच चालते. सेपरेटरच्या पाण्याचा पीएच ११ च्या वर जातो, कारण पाण्यातलं बायकार्बोनेट तापून फुटतं. त्यातला कार्बन डायऑक्साइड वाफेबरोबर जातो आणि पाण्यात अल्कली उरते. अशा पाण्यात सिल्व्हर नायट्रेट त्या अल्कलीशीच लागतं आणि क्लोराइड आहे त्यापेक्षा जास्त निघतं. म्हणजे हीसुद्धा चूक ड्रायनेस जास्त दाखवण्याच्याच बाजूची. म्हणून आधी फिनॉल्फ्थॅलिनचा थेंब टाकून गुलाबी रंग जाईपर्यंत पातळ सल्फ्युरिक आम्ल घाला आणि मग टायट्रेशन करा. ऑक्सिजन मारायला फीडमध्ये सल्फाइट सोडत असाल तर तेही आड येतं. थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड टाकलं की ते निघून जातं.

काही ठिकाणी क्लोराइडऐवजी कंडक्टिव्हिटी मीटर बुडवून ड्रायनेस काढतात. झटपट होतं, पण त्याच अल्कलीमुळे तो आकडाही फुगतो. रोजच्या नोंदीला कंडक्टिव्हिटी वापरायची असेल तर वापरा, आठवड्यातून एकदा ती नीट केलेल्या क्लोराइडशी ताडून बघा.

या आकड्याची उलटतपासणी इंधनावरून होते, आणि ती कागदावर पाच मिनिटांत होते. समजा तासाला १० टन पाणी ६० अंशांनी आत जातंय आणि ७० बारला ८० टक्के ड्रायनेस हवाय. किलोमागे सुमारे २,२१६ किलोज्यूल घालावे लागतील. जनरेटरची कार्यक्षमता ८५ टक्के आणि गॅसचं उष्णतामूल्य घनमीटरला ३६ मेगाज्यूल धरलं तर तासाला साधारण ७२५ घनमीटर गॅस लागेल. गॅस मीटर ६२० दाखवत असेल तर ड्रायनेस ५९ च्या आसपास आहे, लॉगबुकात काहीही लिहिलेलं असो. क्लोराइड आणि गॅस यांच्यात पाच-सात टक्क्यांचा फरक चालतो. त्याहून जास्त असेल तर माझा विश्वास गॅस मीटरवर, अर्थात मीटरचं कॅलिब्रेशन झालेलं असेल तर.

जनरेटरपाशी ८०, विहिरीपाशी किती?

जनरेटरचा आकडा खरा निघाला की पुढं लाइन बघायची. इन्सुलेशन ओलं झालेलं, पत्रा निघालेला, फ्लँज आणि व्हॉल्व्ह उघडे ठेवलेले, एवढं चालत गेलं तरी डोळ्याला दिसतं. त्यावर वेगळं काय सांगायचं?

डोळ्याला दिसत नाही ती गडबड टीची, म्हणजे पाइपला फांदी काढायच्या T आकाराच्या जोडाची. एकाच जनरेटरवरून दोन-तीन विहिरींना वाफ वाटली जाते तिथं लोक धरून चालतात की मेनमध्ये ७५ टक्के असेल तर प्रत्येक फांदीला ७५ मिळणार. ओल्या वाफेचं तसं होत नाही. पाणी जड, ते सरळ धावतं. वाफ हलकी, ती चटकन वळते. कोणत्या फांदीला काय मिळेल हे वेगावर, फांदीच्या व्यासावर आणि ती मेनच्या अंगातून वरून काढलीय की खालून, यावर ठरतं. परिणाम असा की एक विहीर उत्तम चालते आणि शेजारची कायम रडते, मग तिच्यातच काही दोष असेल असं वाटायला लागतं. तुमच्याकडची 'वाईट' विहीर नेहमी लाइनच्या शेवटी किंवा खालून काढलेल्या फांदीवर आहे का, हे एकदा नकाशावर बघा.

खात्री करायची सोपी युक्ती म्हणजे विहिरींना वेगवेगळी वाफ देणं. पुढच्या सायकलला चांगल्या आणि वाईट विहिरीला एकाच वेळी वाफ न देता वेगवेगळ्या वेळी, एकेकीला सगळा जनरेटर देऊन बघा. वाईट विहीर सुधारली तर दोष टीचा. कायमच्या दुरुस्तीसाठी मेनच्या अंगातून फांदी काढण्याऐवजी वाफ टीच्या उभ्या पायातून आत घ्यायची आणि दोन्ही हातांनी बाहेर सोडायची. मिश्रण समोरच्या भिंतीवर आपटतं आणि बरंच सारखं वाटलं जातं. प्रत्येक फांदीवर चोक (अरुंद भोकाचा अडथळा) बसवून त्यातला वेग क्रिटिकल, म्हणजे तिथं शक्य तेवढा कमाल, ठेवला तर विहिरीचा दाब खालीवर झाला तरी वाटणी बिघडत नाही. हे सगळे बदल आयबीआर (भारतीय बॉयलर नियमावली) लागू असलेल्या पाइपलाइनवरचे आहेत. वेल्डरचं प्रमाणपत्र, रेडिओग्राफी आणि हायड्रो टेस्ट याशिवाय हात लावू नका, कितीही घाई असली तरी.

वेलहेडपासून तळापर्यंत

वेलहेडला चांगली वाफ पोहोचली तरी तळाला काय पोहोचतं हा निराळा प्रश्न. इथं एक गोष्ट अनेकांना उलटी वाटते. वाफ हळूहळू दिली तर ती खडकात नीट मुरेल असं वाटून काही जण दर कमी ठेवतात. विहिरीच्या भिंतीतून मीटरमागे जाणारी उष्णता मात्र दरावर फारशी अवलंबून नसते. ट्यूबिंग (वाफ खाली नेणारा विहिरीतला पाइप) तापलेलं असतं, त्यातून उष्णता जाणारच. समजा हा तोटा मीटरमागे ४०० वॅट आहे आणि विहीर १,००० मीटर खोल. दिवसाला १०० टन वाफ देत असाल तर किलोमागे सुमारे ३४५ किलोज्यूल वाटेत गेले, म्हणजे ड्रायनेसचे २३ टक्के. दर निम्मा करून ५० टनांवर आणलात तर ४६ टक्के गेले. वेलहेडच्या ७५ टक्क्यांचे तळाशी एकदा ५२ उरतात, दुसऱ्यांदा २९. खोल विहिरीत साध्या ट्यूबिंगमधून मंद दरानं वाफ देणं म्हणजे जवळपास गरम पाणी देणंच. निर्वात इन्सुलेशनचं दुहेरी ट्यूबिंग असेल तर हा तोटा खूपच कमी होतो. ते महाग आहे, पण हजार मीटरच्या पुढं ते टाळून वाफेचा धंदा जमत नाही, असं माझं मत. वर खडक फाटेल इतका दरही वाढवायचा नाही. त्याची मर्यादा रिझर्व्हॉयर इंजिनिअरकडून लेखी घ्या.

अॅन्युलसमध्ये, म्हणजे ट्यूबिंग आणि केसिंग (विहिरीचा बाहेरचा पोलादी पाइप) यांच्यामधल्या पोकळीत, पाणी असेल तर गोष्ट आणखी बिघडते. पॅकर गळका असेल किंवा सुरुवातीला अॅन्युलस कोरडा केलेला नसेल तर तिथलं पाणी तापलेल्या ट्यूबिंगला लागून उकळतं, वर जाऊन थंड केसिंगवर निवतं, परत खाली गळतं, परत उकळतं. उष्णता बाहेर नेण्याचं यंत्रच विहिरीत बसलं म्हणा. खूण सोपी. वाफ चालू असताना केसिंगहेडचं तापमान आणि अॅन्युलसचा दाब चढत जातात आणि वेलहेड नेहमीपेक्षा जास्त वर उचललं जातं. पहिल्या सायकलपासून रोज हे तीन आकडे लिहिले असतील तर फरक लगेच कळतो. उपाय म्हणजे नायट्रोजननं अॅन्युलस कोरडा करायचा, आणि पॅकर बसतच नसेल तर बदलायचा. तापलेल्या ओल्या अॅन्युलसचा व्हॉल्व्ह अचानक उघडायचा नाही. आतलं पाणी एकदम वाफ होऊन बाहेर येतं.

केसिंगचा विषय मोठा आहे, तो इथं उरकता येणार नाही. एवढंच, की जुनी साधी विहीर वाफेसाठी वापरायला घेतली असेल तर तिचं सिमेंट कसलं आहे ते विचारा. ११० अंशांच्या वर साधं सिमेंट ताकद गमावत जातं, म्हणून वाफेच्या विहिरीत त्यात ३५ ते ४० टक्के सिलिका पावडर घालतात. सिमेंटच सुटलं असेल तर ड्रायनेसची चर्चा व्यर्थ आहे.

ड्रायनेस कमी निघाला म्हणून बर्नर फोडू नका

खरा आकडा ६५ निघाला की पहिला मोह बर्नर वाढवायचा. वाढवा, पण ८० च्या वर नेऊ नका. का, ते गणितच सांगतं. ८० टक्क्यांना उरलेलं पाणी पाचपट आटतं. ९० ला दहापट. ९५ ला वीसपट. क्षार मावेनासे झाले की ते कॉइलच्या आत चिकटतात, थर बसतो, ट्यूब लालबुंद होते आणि फुटते. बॉयलरवर आयुष्य काढलेला माणूस इथंच फसतो, कारण कोरडी वाफ ही त्याच्या हाडात बसलेली चांगली गोष्ट असते. खरोखर पूर्ण कोरडी वाफच हवी असेल, कॅनडातल्या आल्बर्टात एकाखाली एक अशा दोन आडव्या विहिरींच्या पद्धतीला लागते तशी, तर जनरेटर ८० वरच चालवतात आणि आउटलेटला मोठा सेपरेटर बसवून पाणी वेगळं काढतात.

फीडचा हार्डनेस अर्ध्या पीपीएमच्या आत हवा. सॉफ्टनर मिठानं रीजनरेट करून सुरुवातीला छान चालतो आणि मग एका रात्रीत हार्डनेस सोडायला लागतो, म्हणून ईबीटीची (हार्डनेस दाखवणाऱ्या रंगाची) चाचणी दर पाळीला करा. निळा आला तर ठीक, लालसर झाक आली तर पाणी थांबवा. ती झाक वाइनसारखी असते, नाशिककराला तो रंग शिकवायला नको. पाण्यात क्षार फार, समजा पाच-सहा हजार पीपीएमच्या वर असतील, तर मिठाच्या साध्या सॉफ्टनरला हार्डनेस एवढा खाली आणणं जड जातं. तिथं आम्ल आणि कॉस्टिकनं रीजनरेट होणारं वीक अॅसिड रेझिन लावतात.

थर बसतोय का हे बाहेरून ओळखायचं असेल तर कॉइलच्या इनलेट-आउटलेटमधला दाबाचा फरक रोज लिहा. धुराड्याचं तापमान चढतंय आणि कॉइलमधला दाबाचा फरकही वाढतोय, तर थर आतून आहे. धुराड्याचं तापमान चढतंय, कॉइलचा फरक तसाच, पण भट्टीचा ड्राफ्ट (हवेचा ओढा) जास्त लागतोय, तर बाहेरून काजळी धरलीय. पहिल्याला केमिकल क्लीनिंग किंवा पिगिंग (ट्यूबमधून घासणारा गोळा ढकलणं) लागतं, दुसऱ्याला नुसती सफाई पुरते.

जाता जाता: त्या अल्कली पाण्याचा पीएच ११-१२ असल्यामुळे ते विहिरीजवळची वाळूच विरघळवतं. ग्रॅव्हल पॅक (वाळू अडवायला विहिरीत भरलेली बारीक खडी) हळूहळू झिजून पंपात वाळू यायला लागली तर तेही याच पाण्याचं काम असू शकतं.

सगळं बरोबर निघालं तर

ड्रायनेस खरा, टी ठीक, अॅन्युलस कोरडा, दर पुरेसा, तरी सायकलमागून सायकल उत्पादन घटतंय. मग ते बिघाडाचं लक्षण नाही. चक्री पद्धतीत सहसा पहिल्या दोन-तीन सायकली सर्वांत चांगल्या जातात. नंतर विहिरीजवळचं तेल निघून गेलेलं असतं, तिथं पाणी साठलेलं असतं, साठ्याचा दाब उतरलेला असतो, आणि दर वेळी वाफेला जास्त दूर जावं लागतं. हे ओळखायचं वाफ-तेल गुणोत्तरावरून, म्हणजे एक घनमीटर तेलामागे किती घनमीटर पाण्याची वाफ गेली. प्रत्येक सायकलचा आकडा शेजारी शेजारी लिहा. हळूहळू, सायकलगणिक चढत गेला तर विहिरीचं वय झालंय. आधीपर्यंत ३ असलेला एकदम ७ वर उडाला तर वर सांगितलेल्यापैकी काहीतरी बिघडलंय. वय झालेल्या विहिरीला आणखी वाफ पाजणं म्हणजे गॅस जाळणं. त्या टप्प्यावर काही विहिरींतून सतत वाफ देऊन शेजारच्या विहिरींतून तेल काढायचं की थांबायचं, हा निर्णय तेलक्षेत्राच्या मालकाचा.

आणखी एक किरकोळ पण फसवी गोष्ट. विहीर उघडल्यावर पंप लगेच चालू केला आणि तो भरतच नाही, तर तेल नाही असं समजू नका. तळाचं पाणी अजून इतकं तापलेलं असतं की पंपात शिरताना दाब उतरला की त्याचीच वाफ होते. विहिरीला काही काळ स्वतःच्या दाबानं वाहू द्या.

फोन करण्यापूर्वी एवढे आकडे जवळ ठेवा: फीडचं आणि सेपरेटरचं क्लोराइड, ते सँपल कसं थंड केलं आणि टायट्रेशनआधी पीएच उतरवला का, पाण्याचा आणि गॅसचा तासाचा दर, जनरेटर आणि वेलहेड दोन्हीकडचा दाब, केसिंगहेडचं तापमान पहिल्या आणि शेवटच्या दिवशी, ट्यूबिंग साधं की इन्सुलेटेड, आणि किती खोल, आधीच्या सायकलींचं वाफ-तेल गुणोत्तर. लाइन एकाच विहिरीला जाते की वाटली जाते, त्याचं हातानं काढलेलं रेखाचित्र व्हॉट्सअॅपवर पाठवलंत तर उत्तम. फांदी मेनच्या वरून निघते की खालून, ते त्यात जरूर दाखवा.